रानातल्या प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं शिबिर : जाण्याआधी काय तयारी करावी?

बालाघाटी | ४ सप्टेंबर, २१:१०

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी संभाजीनगरजवळ 'वाइल्डरनेस फर्स्ट एड'चं निवासी शिबिर आहे. नाव नोंदवलंय, पैसेही भरलेत. आता मार्गदर्शन हवंय.

मी बीड जिल्ह्यात शाळेवर आहे. आठवी-नववीच्या पोरांना घेऊन महिन्यातून एखादा रविवार धारूरचा किल्ला, सौताडा, नायगावचं मोरांचं अभयारण्य असं फिरतो. गेल्या पावसाळ्यात ओढा ओलांडताना एका लेकराचा पाय दगडात अडकला आणि गुडघ्याखाली मोडला. दोघा मोठ्या पोरांनी त्याला बगलेत धरून उचललं. पाय खाली लोंबकळत होता. डांबरी रस्त्यापर्यंत चाळीस मिनिटं ते लेकरू ओरडत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "पायाला काही बांधलं कसं नाही?" माझ्या हातात काठी होती आणि गळ्यात उपरणं होतं. तेव्हापासून ठरवलं की शिकल्याशिवाय पोरांना परत रानात न्यायचं नाही. वर्ष झालं, नेलेलं नाही.

आधी काय वाचावं? सोबत काय घ्यावं, औषधांची पेटी विकत आणावी का? शरीराची काही तयारी लागते का? आणि माहितीपत्रकात सगळे फोटो बर्फातले आहेत, आपल्या भागात यातलं किती लागू पडेल?

कातळवाट | ४ सप्टेंबर, २२:३२

गुरुजी, अभिनंदन. मी दोन वर्षांपूर्वी असंच शिबिर केलं. अंतूर, वेताळवाडी, गौताळ्याच्या बाजूला आमचा ग्रुप फिरतो.

पेटी आत्ता अजिबात घेऊ नका. शिबिर झाल्यावर कळतं की बाजारातल्या तयार पेटीतलं अर्धं सामान निरुपयोगी असतं आणि जे लागतं ते तिच्यात नसतं. शिबिरात तुमच्या घरातल्याच वस्तू कामाला येतात. उपरणं, जुनी सुती साडी, जाड वर्तमानपत्रं, बॅगेखाली टाकायची फोमची चटई. तिच्यात मोडलेला पाय गुंडाळून बांधला की उत्तम आधार होतो.

कपडे जुने न्या. अर्धा वेळ तुम्ही 'जखमी' होऊन मातीत, काट्यात पडलेले असता आणि अंगावर लाल रंग ओततात, तो धुऊन निघत नाही. डोक्याला लावायची बॅटरी हवीच, कारण रात्रीचा सराव असतो. नखं कापून जा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, दोन लिटर पाणी, वही आणि पेन्सिल. पेन पावसात आणि घामाच्या हातानं चालत नाही.

आणि झोप काढून जा. दोन दिवसांत सोळा ते वीस तास शिकवतात, पहिल्या संध्याकाळीच डोकं भरून येतं.

चुंबळ | ४ सप्टेंबर, २२:४०

जागा आहेत का अजून? मी पण येतो गुरुजी.

सोनकी | ५ सप्टेंबर, ०७:१५

कातळवाट यांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगते. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत तपासणी शिकवताना एकमेकांच्या अंगाला हात लावावा लागतो. आमच्या तुकडीत आम्ही चारच बायका. पहिल्या तासाला मी इतकी अवघडले की शिकवलेलं काही डोक्यातच गेलं नाही. मग शिकवणाऱ्या ताईंनी नियम घातला: हात लावण्याआधी नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, "चालेल का?" विचारायचं आणि हो आल्यावरच पुढं जायचं. खऱ्या जखमी माणसाशीही असंच बोलायचं असतं. तो बेशुद्ध असला तरी "दादा, आता तुमचा पाय बघते" म्हणायचं.

गुरुजी, तुमच्या शाळेतल्या मुलींनाही तुम्हीच तपासणार असाल तर हे नीट शिकून या. एखाद्या बाईंनाही सोबत न्या शिबिराला. खरंच न्या.

बालाघाटी | ५ सप्टेंबर, १३:०२

सोनकीताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या विज्ञानाच्या मॅडमना आजच विचारतो.

बाभूळबन | ५ सप्टेंबर, २३:४८

मी औसा तालुक्यातला. ट्रेक कधी केला नाही, पण आठवड्यातनं चार रात्री मोटर चालू करायला शिवारात जातो. लाईटच रात्रीची येती, काय करणार. गावापासनं वस्ती तीन किलोमीटर, निम्मा रस्ता काळ्या मातीचा. पाऊस झाला की गाडी सोडा, बैल निघत नाही. तुमचं ते वाइल्डरनेस कामून लांब शोधू लालात? आमच्याकडं बांधाला लागूनच हाय.

चार वर्षांमागं माझ्या आईला पहाटं पोटात दुखू लागलं. खाली घोंगडीवर झोपली होती. चावल्याची खूण नाही, सूज नाही. आम्हाला वाटलं शिळं खाल्लं. ओवा दिला, हिंग लावला. तासाभरानं डोळ्याच्या पापण्या उघडनात, बोलणं जड झालं. शेजारचं बारावीतलं पोरगं म्हणलं, "काकू, ही मण्यार आहे." तवा गाडी काढली. आई अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले पाच दिवस मशीनवर. वाचली. पण ते पोरगं नसतं तर आम्ही दिवसभर ओवाच देत बसलो असतो.

शिबिराला शेतकऱ्याला घेतेत का?

रात्रपाळी | ६ सप्टेंबर, ०३:२०

बाभूळबन भाऊ, तुमच्या आईचं वर्णन मी पुढच्या इंटर्नला जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, पुष्कळदा खूणही नसते. पहाटे पोटात कळ आणि मग पापण्या पडणं. पावसाळ्यात असा पेशंट आला की आधी मण्यारच मनात आणायची.

मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी.

गुरुजी, तुम्ही काय वाचावं विचारलंत. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप समजून घ्या: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. नाग आणि मण्यार मज्जासंस्थेवर मारा करतात. घोणस आणि फुरसे रक्त गोठू देत नाहीत, म्हणून हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. पण साप ओळखता आला नाही तरी अडत नाही. आपल्याकडची लस या चारही सापांवर एकच आहे. साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणू नका. त्या नादात दुसऱ्याला चावलेला मी पाहिलाय.

प्रथमोपचार थोडाच आहे. माणसाला आडवं करा, धीर द्या, चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा, नाहीतर सूज आल्यावर रुततात. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा समजून फळी-काठीच्या आधारानं स्थिर करा. चावल्याची वेळ लिहा आणि निघा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ नाही, पाला नाही.

जुना_कॅडेट | ६ सप्टेंबर, ०९:०५

डॉक्टरसाहेब, आदर राखून असहमत. १९७८ साली आम्हाला एनसीसीच्या कॅम्पात शिकवलं होतं: वर घट्ट बांधा, ब्लेडनं चिरा द्या, रक्त वाहू द्या. माझ्या चुलतभावाला मी स्वतः असं केलं. तो आज सत्तरीत आहे, ठणठणीत. गावात मारुतीच्या पारावर नेऊन लिंबाचा पाला चारायचे, कडू लागला की वीष नाही. कितीतरी माणसं बरी होऊन घरी गेलेली मी डोळ्यांनी पाहिलीत. तीस-चाळीस वर्षांचा अनुभव एका फटक्यात खोटा कसा म्हणायचा?

आणि वर कोणी म्हणेल की शिबिरात आवळून बांधायलाच शिकवतात. मग बांधायचं की नाही?

कातळवाट | ६ सप्टेंबर, ०९:४०

काका, शिबिरात बांधायला शिकवतात हे खरं, पण सापासाठी नाही.

रात्रपाळी | ६ सप्टेंबर, १६:५५

काका, तुम्ही जे पाहिलंत ते खोटं नाही. बरेचसे साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी वीष सोडतोच असं नाही. अशी माणसं पाला खाऊन, चिरा देऊन, काही न करताही वाचतात, आणि श्रेय पाल्याला जातं. ज्याच्या अंगात पुरेसं वीष गेलं तो पारावरच तास-दोन तास घालवतो आणि आमच्यापर्यंत येतो तेव्हा श्वास थांबत आलेला असतो. घोणस चावलेल्याला चिरा दिला तर रक्त थांबतच नाही. तुम्हाला शिकवलं तेव्हा तसंच शिकवत होते, यात तुमचा दोष नाही.

आवळून बांधल्यानं सापाचं वीष अडत नाही, पायाचा रक्तपुरवठा मात्र अडतो. दवाखान्यात गाठ सोडली की कधीकधी साचलेलं वीष एकदम अंगभर पसरतं. अशी गाठ बांधून कोणी आलं तर वाटेत सोडू नका, आमच्यासमोर सोडा.

आता बांधायचं कुठं. ऊसतोडीच्या फडात कोयता नडगीवर किंवा मांडीवर बसला, रक्ताची चिळकांडी उडतेय आणि जखमेवर सगळा जोर लावून दाबूनही थांबत नाही, तिथं. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. दोरी किंवा बुटाची नाडी चालत नाही, ती मांस कापते. तीन बोटं रुंद कापड, त्यात काठी घालून पीळ, रक्त थांबेपर्यंत. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा हातावर लिहायची आणि मध्ये सैल करायचं नाही. तिथं जीव वाचतो, सापाच्या बाबतीत मात्र पाय जातो.

मारुतीला गाडीतूनच हात जोडा काका. गाडी तेवढी थांबवू नका.

जुना_कॅडेट | ६ सप्टेंबर, १९:३०

मानलं. पाराबद्दलचं म्हणणं अजून पूर्ण सोडवत नाही, माणसाला तिथं धीर येतो. पण वेळ जातो हेही खरं आहे. गाठीचा फरक मात्र आज पहिल्यांदा कळला, नातवालाही समजावून सांगितला.

चुंबळ | ६ सप्टेंबर, १९:४४

विंचवाचं कोणीच बोललं नाही. आमच्या जालन्यात दगडं उचलताना इंगळीच जास्त भेटते.

रात्रपाळी | ६ सप्टेंबर, २१:१८

जालन्याचे आहात तर अभिमानानं सांगा. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढं मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर तुमच्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडला सरकारी नोकरीत असताना त्यांनी रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या, त्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पूर्वी लाल विंचू चावलेली लेकरं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन डोळ्यांदेखत जायची. आता वेळेत आली तर वाचतात.

खूण लक्षात ठेवा: नुसतं ठणकत असेल तर बहुधा काळजी कमी. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, लेकरू एकदम गप्प होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. दुखणं कमी झालं आणि अंग गार पडलं, तर ते बरं होणं नव्हे.

गोदाकाठ | ७ सप्टेंबर, ११:२६

परभणीतून लिहितेय, सतरा वर्षं नर्स आहे. बर्फाच्या फोटोंवरून गुरुजींनी विचारलंय म्हणून उन्हाचं सांगते. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४३-४४ वर असतो. माणूस तापलेला आहे आणि असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, राबणाऱ्या माणसाला घाम असतानाही उष्माघात होतो.

अशा माणसाला आधी गार करायचं आणि मग हलवायचं. इथं सगळे चुकतात, गाडीत कोंबून पळवतात आणि वाटेत त्याचा मेंदू भाजत राहतो. सावलीत घ्या, कपडे उतरवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शेतात हौद असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका.

शुद्धीवर असलेल्याला नुसता थकवा असेल तर जीवनजल. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका.

चुंबळ | ७ सप्टेंबर, ११:५०

आमची आजी उन्हात निघताना खिशात कांदा द्यायची.

गोदाकाठ | ७ सप्टेंबर, १२:०४

भाकरीबरोबर खा भाऊ, गोड लागतो. खिशात मात्र पाण्याची बाटली ठेवा.

सोनकी | ७ सप्टेंबर, १८:२०

आग्या मोहोळाचंही शिकवतात का बघा गुरुजी. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, देवगिरीच्या कड्यांवर मोठमोठी पोळी असतात. आमच्यातल्या एकाच्या उग्र अत्तरानं एकदा माश्या उठल्या होत्या. हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं कापडानं झाकून सरळ रेषेत पळायचं, गाडीत किंवा घरात शिरेपर्यंत. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत राहतात. नांग्या नखानं किंवा कशानंही खरवडून काढायच्या, पण लवकर.

चावल्या जागेपासून लांब अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, तर ते वेगळं प्रकरण असतं. त्याला अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, तेही मांडीत. ज्यांना पूर्वी असं झालंय त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. पोरांच्या पालकांकडून कोणाला कशाची अॅलर्जी, कोणाला दमा, फिट येते का, हे सहलीआधी लिहून घ्या.

तेरणेकाठी | ८ सप्टेंबर, २२:१५

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मी एकोणीस वर्षांचा. उजाडेपर्यंत आम्ही हातानं दगड-माती उपसत होतो. सापडेल त्याला हाताला धरून ओढलं, पायाला धरून ओढलं. बाजेवर, दारांच्या फळ्यांवर, घोंगडीत घालून रस्त्यावर आणलं. पाऊस चालू होता. जवळपास दहा हजार माणसं गेली त्या पहाटे आमच्या भागात.

एक माणूस मला अजून आठवतो. ढिगाऱ्यातून काढला तेव्हा बोलत होता. पाय हलवत होता. आम्ही चौघांनी त्याला घाईनं उचललं, मान मागं पडली. नंतर तो पाय हलवत नव्हता. आमच्यामुळं झालं की आधीच होणार होतं, मला कधीच कळणार नाही. आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं की पडलेल्या माणसाची मान आणि पाठ एका रेषेत धरून वळवायची असते.

गुरुजी, ते उचलायचं तंत्र नीट शिका. दहा वेळा करून बघा.

कातळवाट | ८ सप्टेंबर, २२:५८

काका, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. आधी काढणं भागच होतं, वरून भिंत येत होती. शिबिरातसुद्धा पहिला धडा हाच असतो की जागा धोक्याची असेल तर जसं जमेल तसं बाहेर काढा.

गुरुजी, एका वळवण्याला चार माणसं लागतात. डोकं धरणारा हुकूम देतो, बाकीचे त्याच्या आकड्यावर हलतात. वाहून न्यायला सहा जण धरा आणि दर पाच-सात मिनिटांनी बदला. तेव्हा शरीराच्या तयारीचं उत्तर हे: रोज जोर-बैठका आणि पाठीवर ओझं घेऊन चालणं. हृदय बंद पडलेल्याची छाती दाबतात, त्याचा उशीवर सराव करा. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाब आणि २ श्वास. दोन मिनिटांत दंड भरून येतात. विहिरीत बुडालेल्याला मात्र आधी श्वास द्यायचा. पालथा घालून पोट दाबत बसू नका.

बालाघाटी | ९ सप्टेंबर, ०६:३०

तेरणेकाठी काका, तुमचं लिहिणं वाचून रात्री झोप लागली नाही. पाठीच्या तंत्राचा सराव मी दहा नव्हे, वीस वेळा करीन.

मॅडम यायला तयार झाल्या. बाभूळबन भाऊ, आयोजकांना फोन केला. शेतकऱ्यालाच काय, कुणालाही घेतात, शिक्षणाची अट नाही. तुमचं आणि चुंबळ यांचं नाव सांगून ठेवलंय.

बालाघाटी | ७ ऑक्टोबर, २१:४०

मंडळी, शिबिर झालं. चौघंही जाऊन आलो.

सगळ्यात जड गेलं ते थांबणं. जखमी दिसला की पाय आपोआप धावतात. तिथं शिकवलं की आधी उभं राहून आजूबाजूला बघा. वरून दगड येतोय का, विजेची तार आहे का, माश्या आहेत का. मग मोठा रक्तस्राव, श्वासाची वाट, श्वास, नाडी, मग बाकीचं. शनिवारी दुपारी मी या पहिल्या पायरीला तीनदा चुकलो. रविवारी नाही चुकलो.

मोडलेला पाय बांधायचा धडा आला तेव्हा मी शिकवणाऱ्यांना आमच्या लेकराची गोष्ट सांगितली. त्यांनी तसाच ओढा, तसाच दगड मांडून मलाच तो प्रसंग दिला. काठी, उपरणं, चटई. वरचा आणि खालचा सांधा धरून बांधलं, बूट सैल केला. बोटांना रंग आहे का, स्पर्श कळतो का, बोटं हलतात का, हे बांधण्याआधी आणि नंतर तपासलं. अकरा मिनिटं लागली. जखमी झालेल्या मॅडम म्हणाल्या, "सर, आता दुखत नाही." मला भरून आलं.

रात्रीच्या सरावात चुंबळ जखमी होऊन झुडपात पडले होते, अंगभर लाल रंग. एक शेळ्या राखणारे आजोबा बॅटरीच्या उजेडात ते बघून धावत आले, घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली आणि पाणी आणायला पळाले. त्यांना समजावून सांगायला शिकवणारे मागं पळाले. मग आजोबा शेवटपर्यंत बसून बघत होते. जखमीला ऊब द्यायची हा धडा आमच्याआधी त्यांना येत होता.

आणखी एक कामाची गोष्ट. रेंज नसली की दोघांना निरोप देऊन पाठवायचं आणि तो निरोप कागदावर लिहायचा: काय झालं, किती वाजता, नाडी-श्वास किती, आम्ही कुठं आहोत. १०८ ला सांगताना नुसतं पिंपळगाव म्हणून भागत नाही, आपल्याकडं तालुक्यागणिक एक पिंपळगाव आहे. गाव, तालुका, जिल्हा, जवळची शाळा किंवा साखर कारखाना, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं आहे, नंतर उजळणी करावी लागते.

चुंबळ | ७ ऑक्टोबर, २२:०५

जखमेत काही रुतलं असेल तर ते उपसायचं नाही, भोवती कापडाची चुंबळ ठेवून वरून बांधायचं. माझ्या नावाचं सार्थक झालं.

जुना_कॅडेट | ८ ऑक्टोबर, ०८:५०

गुरुजी, पोरांना परत कधी नेताय?

बालाघाटी | ८ ऑक्टोबर, १३:१०

दिवाळीच्या सुट्टीनंतर, धारूरला. त्याआधी पालकांची बैठक आहे. सोनकीताईंनी सांगितलेला आजारांचा कागद तयार केलाय.

बाभूळबन | ८ ऑक्टोबर, २३:३०

गुरुजी, आमच्याकडं सोयाबीनच्या बनीम, म्हंजे कापलेल्या पिकाचे ढीग, लागल्यात शिवारात. काढणी-मळणीला माणसं रातंदिवस रानात, आणि बनमीखाली घोणस बसती. दिवाळीपतोर थांबून कसं चालंल? या रविवारी तुम्ही अन् मॅडम आमच्या गावी या. पंचवीस-तीस जण जमवतो, बाया पण येतेत म्हणल्यात. बाज माझी, घोंगड्या गावच्या, बांबू हायत. सकाळी सातला मारुतीच्या पारावर. कॅडेट काका, तुम्ही बी या.

जुना_कॅडेट | ९ ऑक्टोबर, ०६:१२

येतो. नातवालाही घेऊन येतो, आडवं पडायला कोणीतरी लागेलच.